परतीच्या रस्त्यावरचे गुण

माझ्या वडिलांचं हृदय डॉक्टरांसमोर कधीही चुकलं नाही. घरी चुकायचं, बाजारात चुकायचं, चष्मा शोधताना आणि नखं कापताना चुकायचं. चार ठोके घाईघाईने, मग एक खाडा, मग दोन एकदम. उशीर झालेला माणूस जिना उतरतो तसं. पण बाबा तपासणीच्या पलंगावर आडवे झाले आणि नर्सने छातीला थंडगार जेल लावलं, की ते वर्गातल्या हुशार मुलासारखं हाताची घडी घालून बसायचं. आलेख इतका सुबक यायचा की आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो पाहून आईलाच विचारलं, "तुम्हाला हल्ली काही टेन्शन आहे का?"

या हृदयाला रंगेहाथ पकडण्याचा जो उद्योग आम्ही केला, त्याची ही हकीकत. उद्योग लहानसा होता. निदान सुरुवातीला तरी सगळ्यांचं तसं मत होतं.

आधी बाबांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच आला. बाबा लायसन्सच्या कचेरीत परीक्षक होते. अनोळखी माणसांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांनी त्यांना पास किंवा नापास केलं. जास्त करून नापास. ड्रायव्हिंग स्कूलवाले त्यांना पाठीमागे 'नापाससाहेब' म्हणत. बाबांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, कारण कचेरीने त्यांना दुसरी कुठली पदवी दिली नव्हती.

त्यांची एक पद्धत होती. मैदानावरचा आठाचा आकडा, चढावर थांबून पुन्हा निघणं, रिव्हर्स, रहदारीतली एक फेरी, हे सगळं उरकलं की बाबा पेनाला टोपण लावत, पेन खिशाला अडकवत आणि म्हणत, "झालं. परीक्षा संपली. आता आरामात कचेरीला परत घ्या." उमेदवार सुस्कारा सोडायचा. त्याचा एक हात स्टिअरिंगवरून खाली यायचा, कोपर खिडकीत जायचं. आरसा विसरला जायचा, इंडिकेटर आठवायचा नाही. काही जण तर मान पूर्ण वळवून "साहेब, आपण राहता कुठे?" असं विचारायचे. बाबा खरे गुण तेव्हा देत. "परीक्षेत सगळेच नीट चालवतात," ते जेवताना सांगत. "माणसाची गाडी दिसते ती परतीच्या रस्त्यावर." शेवटचे दोन गुण हँडब्रेकचे असत. गाडी लागली, इंजिन बंद झालं, आणि उमेदवार हँडब्रेक न ओढताच दार उघडायला लागला, की ते दोन गुण गेले. नवल म्हणजे ही युक्ती बाहेर कधी फुटली नाही. नापास झालेले लाजेने बोलत नसत आणि पास झालेल्यांना आपण मुळातच हुशार आहोत असं वाटत असे.

मी ग्रंथालयात काम करते. ज्याला म्हणतात भरपूर वाचन, ते माझं आहे. तरीसुद्धा ही पद्धत लहानपणापासून रोज ऐकूनही योग्य वेळी मला ती आठवली नाही. वाचनाबद्दल माझं मत तेव्हापासून थोडं सौम्य झालं आहे.

तर, पहिल्यांदा मोठं झालं ते भाजीबाजाराबाहेर. बाबांनी गाडी दोन रेघांच्या बरोबर मधोमध लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसेच बसून राहिले.

आई म्हणाली, "उतरा की अहो."

"थांब जरा. आत कोणीतरी नवशिका बसलाय."

आईला आधी ते गाडीबद्दल बोलताहेत असं वाटलं. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला. तो पांढरा पडला होता आणि कपाळावर घाम होता. तिने मनगट धरलं, तर नाडी हाताला सापडायची आणि निसटायची. रिक्षा करून दवाखान्यात नेईपर्यंत नवशिका उतरून गेला होता. आलेख पुन्हा सुबक.

या वेळी मात्र आम्हाला हृदयाच्या खास डॉक्टरांकडे पाठवलं. त्या वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या आणि इतक्या हळू बोलायच्या की बाबा त्यांच्यासमोर आपोआप पुढे वाकून बसायचे. त्यांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं. वरचे दोन कप्पे नीट आकसण्याऐवजी नुसते थरथरत असावेत. अधूनमधून येतं, आपोआप जातं. त्रास त्या थरथरीचा तेवढा नसतो. रक्त तिथे साचून राहतं, साचलं की गुठळी होऊ शकते, आणि गुठळी सुटून मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू.

"यावर औषध आहे," त्या म्हणाल्या. "रक्त पातळ करणारी गोळी. पण काका, तुमच्या पोटातला अल्सर मागे फुटून रक्तस्राव झालेला आहे. नुसत्या अंदाजावर ती गोळी मी तुम्हाला देणार नाही. मला हे आलेखात दिसायला हवं. एकदा तरी."

"आणि नाही दिसलं तर?" मी विचारलं.

"तर आपण वाट बघायची. आणि वाट बघणं मला आवडत नाही." मग त्या बाबांकडे वळल्या. "आणि हे कळेपर्यंत गाडी चालवायची नाही."

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग आपल्यामागे दुसरा कोणी पेशंट उभा आहे का ते पाहिलं. त्यांच्या उभ्या आयुष्यात कोणी त्यांना असं सांगितलं नव्हतं. हे वाक्य नेहमी ते बोलत आले होते. घरी आल्यावर त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली, निवृत्त सेनापतीने तलवार द्यावी तशी.

घरात त्या दिवसापासून दोन पक्ष झाले. मला आलेख बिघडलेला हवा होता, म्हणजे गोळी सुरू झाली असती. बाबांना तो सुरेख हवा होता, म्हणजे किल्ली परत मिळाली असती. आई कोणत्याच पक्षात नव्हती. तिच्या मते दोघांचीही डोकी तपासायला हवी होती.

डॉक्टरांनी होल्टर लावायला सांगितलं. हे काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र असतं. छातीला पट्ट्या चिकटवून त्याच्या वायरी लावतात, यंत्र कमरेला अडकवतात आणि ते दिवसरात्र हृदयावर नजर ठेवून बसतं. "रोजच्यासारखं वागायचं," असं बजावून ते यंत्रवाल्या बाईंनी बाबांना लावलं. त्या बुटक्या, चटपटीत आणि बाबांकडे जरा टक लावून पाहणाऱ्या होत्या. आजारी माणसाकडे पाहतात तसं ते पाहणं नव्हतं.

बाबा रोजच्यासारखे वागले नाहीत. यंत्र लावायला जातानाच त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. घरी आल्यावर ते खुर्चीत ताठ बसले, पेपर बाजूला सारला आणि नाकाने संथ श्वास घेऊ लागले.

"बाबा, पेपर वाचा की. रोज वाचता."

"त्यात राजकारण असतं. ठोके वाढतात."

"वाढू देत ना! त्यासाठीच लावलंय यंत्र!"

"तुला काय हवंय, मी बिघडावं?"

याचं खरं उत्तर 'हो' होतं आणि ते मुलीने वडिलांना द्यायचं उत्तर नव्हे. मी पेपर पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. आईने मुद्दाम चहात साखर कमी घातली. बाबांनी "वा, छान झालाय," असं म्हणून तो प्यायला. आई स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा छान म्हणाले. ते यंत्र कायमचं नाही का मिळणार?"

रिपोर्ट आला. उत्तम. बाबांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि हात पुढे केला. "किल्ली."

मी दिली नाही. तेव्हापासून ते मला 'ड्रायव्हरबाई' म्हणू लागले.

गाडी आता मीच चालवत होते. मी लायसन्सच्या परीक्षेत एकदा नापास झालेली आहे. बाबांनी स्वतः परीक्षा घेतली नाही, नात्यातली घ्यायची नाही म्हणून. पण त्यांच्या मित्राने घेतली आणि पद्धत त्यालाही माहीत होती. आता तो माणूस नाही तर प्रत्यक्ष गुरू शेजारी बसत होता. काही बोलत नसे. फक्त मी चुकले की त्याचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जायचा. घरी पोचून गाडी लावली, की तो पट्टा न सोडता समोर बघत बसायचा आणि शेवटी म्हणायचा, "हँडब्रेक."

"ओढतच होते, बाबा."

"बरं."

या 'बरं'वर कोणीतरी ग्रंथ लिहायला हवा.

दरम्यान मी आरोग्य योजनेच्या कचेरीत गेले. डॉक्टरांनी आठवडाभर चालणारं मोठं यंत्र सुचवलं होतं आणि त्याला मंजुरी लागत होती. खिडकीतल्या माणसाने रिपोर्ट पाहिला.

"हा तर नॉर्मल आहे."

"हो, म्हणूनच पुन्हा—"

"नॉर्मलला पुढची मंजुरी देता येत नाही, ताई."

"पण माणूस आजारी आहे."

"असेल. रिपोर्ट आजारी नाहीये."

"तो आजारी रिपोर्ट मिळावा म्हणूनच यंत्र हवंय ना!"

"मग आजारी रिपोर्ट आणा, लगेच मंजूर करतो," तो अगदी मनापासून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने मला बसायला खुर्चीही दिली. डॉक्टरांचं आणखी एक पत्र, त्यावर मोठ्या साहेबांची सही, साहेब रजेवर, रजेवरून आल्यावर मीटिंगमध्ये, अशा मार्गाने ते यंत्र शेवटी आलं. त्या काळात बाबांना घरी दोनदा तसं झालं. एकदा ते भिंतीला धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "काही नाही, जरा भिंत बघतोय."

तोवर इमारतीत बातमी पसरली होती आणि सल्ले यायला लागले होते.

वरच्या मजल्यावर बँकवाले काका राहायचे. त्यांच्या छातीत पेसमेकर होता आणि त्याबद्दल ते नव्या गाडीबद्दल बोलावं तसं बोलायचे: कुठला घेतला, किती वर्षं चालतो, सर्व्हिसिंग कधी. बाबांनी पेसमेकरच घ्यावा असा त्यांचा आग्रह होता. तो मंद चालणाऱ्या हृदयाला लागतो, बाबांचं भलतंच धावतं, असं मी पुस्तकात वाचलेलं सांगितलं तर ते दुखावले. "पुस्तकात काय आहे ते मला सांगू नकोस. माझ्या छातीत आहे."

समोरच्या शिवणवाल्या मावशींचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते जगातले निम्मे आजार गळ्याचं माप चुकल्यामुळे होतात. त्या टेप घेऊन आल्या, बाबांचा गळा मोजला, "बघा, सांगत नव्हते!" असं म्हणाल्या आणि सगळे शर्ट घेऊन गेल्या. परत आले तेव्हा कॉलर एवढ्या सैल होत्या की बाबा विहिरीतून डोकावल्यासारखे दिसायचे. ठोक्यांत फरक पडला नाही. आईने हळूच एक शर्ट परत उसवला. मावशींनी तो ओळखला आणि चार दिवस आमच्याकडे पाहिलं नाही.

मोठं यंत्र लागून चार-पाच दिवस झाल्यावर बँकवाल्या काकांनी जिन्यात मला गाठलं. "हे बघ, तो माणूस आपणहून बिघडणार नाही. त्याला चिडवलं पाहिजे. ते माझ्यावर सोड."

मी नको म्हणायला हवं होतं. पण आठवड्यातले बरेच दिवस बाबांनी ध्यानस्थ ऋषीसारखे काढले होते, आणि मला अर्धांगवायूची स्वप्नं पडत होती. मी म्हटलं, "जपून, काका."

काका संध्याकाळी आले आणि दारातूनच गरजले, "साहेब, खालची गाडी लावायची जागा माझी आहे! तुम्ही इतकी वर्षं बळकावून बसलाय!"

जागा बाबांचीच होती. शिवाय ती त्यांचा जीव की प्राण होती. रेघा त्यांनी स्वतः रंगवल्या होत्या. एरवी या वाक्यावर त्यांनी काकांना जिन्यापर्यंत पोचवलं असतं. पण कमरेला यंत्र होतं. बाबांनी डोळे मिटले, नाकाने श्वास घेतला आणि म्हणाले, "असेल. तुम्ही म्हणता तर तुमची."

काकांची पंचाईत झाली. एवढं बोलून भांडण संपतं, हे त्यांनी गृहीत धरलं नव्हतं. "माझी म्हणजे माझीच! आणि तुम्ही... तुम्हाला गाडीसुद्धा नीट लावता येत नाही!"

आई आणि मी श्वास रोखून उभ्या होतो. बाबांचा जबडा एकदा हलला. "माणूस चुकतो," ते म्हणाले. "बसा. चहा घेणार?"

"चहा नको मला! मी... मला..." काका लाल झाले, मग त्यांनी छाती धरली आणि खरोखरच खाली बसले.

पुढची धावपळ मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि त्यांनी आधी काकांची कॉलर सोडली. मी गाडी काढली. मागे काका आणि त्यांना वारा घालणारी आई, पुढे बाबा, कारण मला एकटीला चालवू द्यायला ते तयार नव्हते. दवाखान्याच्या दारात चाकाची खुर्ची घेऊन दोघे धावत आले, त्यांनी गाडीत पाहिलं, शर्टाच्या भल्यामोठ्या गळ्यातून वायरी बाहेर आलेला एक म्हातारा त्यांना दिसला, आणि त्यांनी बाबांना उचललं.

"मी नाही! मागचा! मागचा!"

"हो हो काका, बोलू नका, शांत राहा."

"मी शांतच आहे! आठवडाभर शांतच आहे!"

बाबांना आत नेऊन त्यांचा आलेख काढला गेला. तो उत्तम आला. काकांचाही पुढे ठीक निघाला. पेसमेकर चोख होता, रक्तदाब तेवढा वाढला होता. आठवडाभराच्या यंत्रात त्या धुमश्चक्रीत बाबांचे ठोके जरा वेगाने, पण ओळीत पडलेले दिसले. डॉक्टर म्हणाल्या, "इतकं शिस्तीचं हृदय मी पाहिलेलं नाही." बाबा दिवसभर त्या वाक्यावर खूश होते. काकांनी मात्र बाबांनी दिलेला शब्द धरून ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून आपली गाडी आमच्या जागेवर लावायला सुरुवात केली. मी पुढचा सगळा काळ गल्लीच्या टोकाला, कचऱ्याच्या डब्याशेजारी गाडी लावत होते.

तिथेच मला ते सुचलं. काकांची औषधं घेऊन परत येत होतो. दिवस दमवणारा गेला होता. घराच्या वळणावर मी सुस्कारा सोडला, एक हात मांडीवर घेतला आणि इंडिकेटर न देता वळले. बाबांचा पाय दाबला गेला.

"इथे मी तुला नापास केलं असतं," ते म्हणाले. "सगळा रस्ता सुरेख आलीस. घर दिसलं आणि सोडून दिलंस."

मी गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. ज्या माणसाला परीक्षेत कधी कोणी पकडू शकणार नाही, तो माणूस माझ्या शेजारी पट्टा लावून बसला होता, आणि त्याला पकडायचं कसं ते तो मला लहानपणापासून सांगत आला होता.

यंत्र परत करायला गेले तेव्हा मी यंत्रवाल्या बाईंना बाजूला घेतलं. आणखी एकदा साधं, एका दिवसाचं यंत्र लावता येईल का? आणि लावल्यावर थोड्या वेळाने पुन्हा बोलावून, रेकॉर्डिंग संपलं असं सांगता येईल का? संपलेलं नसताना?

"पेशंटशी खोटं बोलायचं?" त्या म्हणाल्या. "छे. नियमात बसत नाही."

मी बाबांची पद्धत सांगितली. टोपण, खिसा, आरामात परत घ्या. सांगता सांगता मला त्यांचा चेहरा बदलताना दिसला.

"म्हणजे ते तेव्हा बघत होते?" त्या हळूच म्हणाल्या. "मी त्यांना विचारलं होतं, साहेब, तुम्हाला मुलं किती. दोनदा नापास केलं हो मला त्यांनी. दोन्ही वेळा मला कळलं नाही का." त्यांनी आत जाऊन डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर खळखळून हसल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. तो आम्ही त्यांच्याकडून ऐकलेला पहिला मोठा आवाज.

ठरलेल्या दिवशी बाबा इस्त्रीच्या शर्टात यंत्र लावून घरी बसले. दुपारी आम्ही परत गेलो. बाईंनी यंत्राकडे पाहिलं, कुठलंसं बटण दाबल्यासारखं केलं, पेनाला टोपण लावलं, पेन ॲप्रनच्या खिशाला अडकवलं आणि म्हणाल्या, "झालं काका. रेकॉर्डिंग संपलं. पट्ट्या आत्ताच ओढल्या तर कातडी सोलेल, त्या यंत्रासकट उद्या काढू. आता आरामात घरी जा."

बाबांनी सुस्कारा सोडला.

मी तो ऐकला आणि माझ्याच छातीत एक खाडा पडला.

गाडीत त्यांनी कोपर खिडकीत ठेवलं. कॉलरचं बटण काढलं. आईला म्हणाले, "पहिल्या यंत्राच्या वेळचा तो चहा काय होता? गरम पाणी नुसतं!" गल्लीत शिरलो तर आमच्या जागेवर काकांची गाडी, तीही रेघेवर तिरपी. बाबांनी काच खाली करून गेल्या कित्येक दिवसांचं साठलेलं सगळं वरच्या मजल्याकडे तोंड करून बोलून टाकलं. काका खिडकीत आले आणि कृतज्ञतेने, तब्येतीला झेपेल एवढं भांडले. मग बाबा वर आले, भरभर जेवले, पेपर उघडला, राजकारण वाचलं, आणि पेपर तोंडावर घेऊन सोफ्यावर आडवे झाले. काही वेळाने पेपर सरकला. त्यांचा हात छातीवर गेला होता.

"आला वाटतं तो," ते म्हणाले. "नवशिका."

आईने मनगट धरलं. मी दुसरं धरलं. चार घाईघाईने, एक खाडा, दोन एकदम. यंत्राचा बारीक दिवा कमरेशी लुकलुकत होता. आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसून होतो आणि मनातल्या मनात त्या बिघडलेल्या ठोक्यांना म्हणत होतो, थांब, अजून थोडा वेळ थांब. अशी प्रार्थना मी पुन्हा केली नाही.

डॉक्टरांनी आलेख टेबलावर पसरला तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. "वा! किती स्वच्छ आलंय!" मी बाबांचं अभिनंदनच करणार होते. योजनेच्या कचेरीतल्या माणसाने रिपोर्ट पाहून मान डोलावली. "आता कसा आजारी आहे!" आणि त्याने शिक्का मारला.

बाबा आलेखाकडे बराच वेळ बघत होते. त्यावर छापलेली दुपारची वेळ त्यांनी बोटाने दाखवली. मग त्यांनी यंत्रवाल्या बाईंच्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं.

"टोपण लावायचं कोणी शिकवलं?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. बाबा माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"बरं," ते म्हणाले. हा 'बरं' वेगळा होता. तेवढा फरक मला कळतो.

मग उपाय निवडायचे राहिले. रक्त पातळ करणारी गोळी तर हवीच, पोट सांभाळायच्या दुसऱ्या गोळीबरोबर. त्याशिवाय ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या गोळ्या. नाहीतर भूल देऊन विजेचा एक झटका, ज्याने लय जागेवर येते पण टिकेलच असं नाही. नाहीतर मांडीच्या शिरेतून तार वर नेऊन जिथून गडबड सुरू होते तो भाग डागून टाकायचा. इमारतीत यावर बरीच चर्चा झाली. काकांनी अजूनही पेसमेकरचा मुद्दा सोडला नव्हता. मावशींना तार पसंत होती, कारण त्यात टाक्यांचं काम नव्हतं. बाबांनी आधी गोळ्या घेऊन पाहिल्या. त्यांनी भागेना, तेव्हा ते तारेला तयार झाले. डॉक्टरांना त्यांनी एकच विचारलं. "झाल्यावर तपासणार कसं?"

"होल्टर लावून."

"'संपलं' असं मला न सांगता काढा म्हणजे झालं."

तार गेली, ठोके ओळीत आले. पूर्णपणे नाही, कधीमधी नवशिका डोकावून जायचा. पण डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मी किल्ली परत केली. त्यानंतर बाबांनी दोन वर्षं गाडी चालवली. आई शेजारी बसायची आणि नसलेल्या ब्रेकवर पाय दाबायची. जागा मात्र काकांकडेच राहिली. शब्द दिला तो दिला, असं बाबांचं म्हणणं होतं.

ते गेले ते हृदयाने नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण इमारतीत अजून तसंच समजतात. छातीत कफ भरला, न्यूमोनिया झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं. पलंगाशेजारी यंत्राचा पडदा होता आणि त्यावर त्यांचे ठोके एकामागून एक जात होते, अगदी ओळीत. बाबा त्याकडे तिरक्या नजरेने पाहत आणि नाकाने श्वास घेत. तिसऱ्या दिवशी त्यांना बरं वाटलं. नर्सने वायरी काढल्या. "झालं काका. आता याची गरज नाही. उद्या घरी."

"संपलं?" बाबांनी विचारलं.

"संपलं. आता आराम करा."

त्यांनी सुस्कारा सोडला. आई शेजारी बसून संत्रं सोलत होती. मी त्यांचे शर्ट पिशवीत भरत होते. ते झोपले आणि त्याच दुपारी, आम्ही दोघी तिथे असताना, गेले. संत्र्याच्या दोन फोडी ताटलीत राहिल्या.

कागदपत्रांचं काम बाबांना बघायला आलेले माझे मेहुणे, बहिणीचे यजमान, करणार होते. आम्हाला दोघींना त्यांनी घरी जायला सांगितलं. आई गाडीपाशी आली, तिने पुढचं दार उघडलं, जरा वेळ पाहिलं, ते लावून घेतलं आणि मागे बसली. मी पट्टा लावला. आरसा नीट केला; त्यात आई होती. दुपारचा रस्ता रिकामा होता. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. प्रत्येक वळणावर इंडिकेटर दिला, जिथे मागेपुढे कोणी नव्हतं तिथेसुद्धा. आमचं वळण आलं, घर दिसलं. मी सोडून दिलं नाही.

गल्लीत शिरलो तर आमच्या जागेवर कोणी नव्हतं. काकांनी आपली गाडी पार कचऱ्याच्या डब्यापाशी नेऊन लावली होती आणि ते स्वतः खिडकीत उभे होते. मी रिव्हर्स घेतला आणि गाडी बाबांच्या दोन रेघांच्या मधोमध लावली. इंजिन बंद केलं.

मग मी तशीच बसून राहिले, समोर बघत. उतरायचं होतं, पण काहीतरी व्हायचं राहिलं होतं आणि त्याशिवाय दार उघडता येत नव्हतं.

शेवटी मागून, आयुष्यात कधी गाडी न चालवलेली माझी आई म्हणाली, "हँडब्रेक."

मी ओढला.